व्हय म्हाराजा म्हणायची घाई

बसा. खुर्च्या काढलेल्या नाहीत, खळ्यातच बसा. चहा मिळेल, पण माझं बोलून झाल्यावर.

परवाची सभा संपल्यावर तुम्ही पाच जणांनी त्या टेबलापाशी रांग लावून सह्या केल्या. कशावर केल्या, हे काल मी एकेकाला रस्त्यात गाठून विचारलं. एक म्हणाला संमतीपत्र. दुसरा म्हणाला, नुसतं नाव नोंदवलं. तिसऱ्याला तो हजेरीपट वाटला. चौथ्याने तर कमाल केली. "बाई, कागद काय वाचूक नाय, पण माणूस काय बोललो!" पाचवा मला लांबून बघून पाणंदीत वळला. त्याला निदान लाज वाटली, म्हणून आज त्याला सगळ्यांत कमी बोलणार आहे.

कागद काय होता ते मी सांगते. तुमच्यापैकी एकाच्या बायकोने सही करायला नकार दिला आणि मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवला. शाळेत मराठीत तिला पस्तीस गुण होते, बरं का. मीच दिले होते. आणि तुम्ही पंचाहत्तरवाले! तो कुलमुखत्यारपत्राचा मसुदा आहे. जमीन मोजून घेणे, गहाण ठेवणे, विकसित करणे, विकणे, तुमच्या वतीने सही करून पैसे स्वीकारणे, असे सगळे अधिकार त्यात दुसऱ्याला दिलेले आहेत. सर्व्हे नंबरची जागा कोरी, किमतीची जागा कोरी. खाली तुमची सही मात्र ठळक. वळणदार. शुद्धलेखनाच्या वहीत कधी इतकी चांगली काढली नव्हती.

आणि जमीन कुणाची? तुझ्या सातबारावर अकरा नावं आहेत. सहा मुंबईत, एक पुण्यात, दोन वारलेली आणि वारसनोंद अजून झालेली नाही. वीस वर्षं तुमच्या घरी गणपतीला एकत्र जमल्यावर भांडण होतं ते ह्याच सातबारावरून. ते भांडण तसंच ठेवून तू एका अनोळखी माणसाला विक्रीचा अधिकार देऊन आलास, कारण तो छान बोलला!

छान बोलला, हे मला मान्य आहे. मी सभेला होते, मागच्या बाजूला, पिंपळाच्या पाराशी. आयुष्यभर पोरांना बोलायला शिकवलं, त्यामुळे कोण कसं बोलतो इकडे माझं लक्ष जातंच. तुम्ही त्याच्याकडे बघत होता आणि मी तुमच्याकडे. तुम्हाला जे दिसलं नाही ते आता ऐका.

तो आला तेव्हा आधी व्यासपीठावर चढला नाही. चपला काढल्या, मातीला हात लावला, माऊलीच्या देवळाच्या दिशेने हात जोडले. मग माईक नको म्हणाला. "आपल्याच माणसांशी बोलूक माईक कित्याक?" टाळ्या. ह्या एका वाक्यावर तुमचं निम्मं काम झालं होतं. मालवणी त्याला चार-पाच वाक्यांपुरतीच येत होती, हे तुमच्यातल्या कोणाच्या लक्षात आलं? माझ्या आलं. माकडं, आंबे, काजू, बंद घरं, मुंबईला गेलेली पोरं हे सगळं मालवणीत झालं. जमीन आणि पैसे आले तसं त्याचं बोलणं छापील मराठीवर गेलं. "एकत्रित नियोजन", "भागीदारी तत्त्वावर विकास", "परतावा". आकडे आले आणि मालवणी गेली. आपलं माणूस आपल्याशी व्यवहाराचं बोलताना आपली भाषा सोडत नाही, उलट तिथेच घट्ट धरतं. बाजारात मासे घेताना तुम्ही प्रमाण मराठीत घासाघीस करता का?

मग त्याने गावातल्या दोन वारलेल्या म्हाताऱ्यांची नावं घेतली. तुमचे डोळे पाणावले. ती नावं त्याला कुठून मिळाली? आदल्या दिवशी तिठ्यावरच्या दुकानात दोन तास चहा पीत बसलेला त्याचा माणूस मी पाहिला होता. ह्यात गुन्हा काही नाही. सभेआधी गावाची माहिती काढणं हे चांगल्या वक्त्याचं कामच आहे. पण आपल्या आजोबाचं नाव परक्याच्या तोंडून ऐकल्याबरोबर तो माणूस घरचा झाला असं मानणं, हे तुमचं काम होतं का?

आता मुख्य गोष्ट. तुम्ही पोरं लहानपणापासून गाऱ्हाणं ऐकत आलात. मानकरी देवासमोर उभा राहतो, बारा-पाचाच्या देवतांना हाक घालतो, एकेक मागणं मांडतो आणि प्रत्येक मागण्याला सगळा गाव एका आवाजात म्हणतो, व्हय म्हाराजा. तिथे कोणी थांबून विचार करत नाही. करायचाही नसतो. गावाचं भलं कर म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? तो होकार आपल्या जिभेवर बसलेला आहे. सूर ऐकला की तो आपोआप येतो. परवा त्याने तोच सूर लावला.

"तुमची पोरां मुंबैक गेली काय नाय?"

"गेली!"

"घरां बंद पडली काय नाय?"

"पडली!"

"माकडां काजीची वाट लावतत काय नाय?"

"लावतत!"

"मगे ह्या बदलूचा काय नाय?"

"बदलूचा!"

"मग त्यासाठी आपण सगळे मिळून आपल्या जमिनीचं एकत्रित नियोजन करणार ना?"

"करणार!"

पहिले तीन प्रश्न खरे होते. तुमच्या घरातले होते, त्यांना हो म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. चौथा इच्छेचा होता. पाचवा व्यवहाराचा होता, आणि त्याचा आधीच्या चारांशी काही संबंध नव्हता. माकडं काजू खातात म्हणून जमीन दुसऱ्याच्या हाती सोपवायची, हे कुठल्या तर्कशास्त्रात बसतं? पण चार वेळा हो म्हटलेल्या तोंडाला पाचव्यांदा नाही म्हणणं जड जातं. त्यात शेजारचाही ओरडतोय. तिसऱ्या रांगेत तिघे जण दर वेळी तुमच्या आधी अर्धा क्षण ओरडत होते आणि टाळ्याही तेच आधी वाजवत होते. ते आपल्या गावचे नव्हते. बांद्याचेही नव्हते. मी विचारून आले.

गाऱ्हाण्यात मागणारे आपण असतो आणि देणारा देव. परवा मागणारा तो होता आणि देणारे तुम्ही. एवढी उलटापालट झाली आणि तुमचा सूर बदलला नाही!

देवाचंच काढलंय तर हेही ऐका. आपल्याकडे देवाला कौल लावतात तेव्हासुद्धा उजवा आणि डावा असे दोन पर्याय असतात. देवालाही नाही म्हणायची मुभा आपण ठेवतो. त्या माणसाने तुमच्यासमोर दुसरा पर्याय ठेवला होता का? ठेवला होता, पण कसा ते बघा. हात उंचावून हसत म्हणाला, "आता प्रत्येक गावात दोन-चार संकासूर असतातच. शंका काढत बसतात!" सगळे हसले. तुम्हीही हसलात. शाळेच्या बाजूचे निवृत्त तलाठी उठायच्या बेतात होते, हातात चिठ्ठी होती, ते खाली बसले. प्रश्न विचारायच्या आधीच प्रश्न विचारणाऱ्याचं सोंग करून टाकलं. सगळ्या भाषणात मला सर्वांत बेरकी वाटलं ते हे वाक्य, आणि सर्वांत नीचही. अरे, रात्र-रात्र दशावतार बघता ना? काळा पोशाख घालून येणारा तो संकासूर वेद चोरतो हे खरं, पण भटजीला वाकडे प्रश्न विचारून लोकांना खदखदून हसवतो तोही तोच. पोरं त्याचीच वाट बघत जागी राहतात. त्याचं नाव शिवीसारखं वापरलं आणि तुम्हाला ते खटकलंसुद्धा नाही.

त्यानंतरचं सगळं सोपं होतं. आवाज खाली आणला. आईचं मंगळसूत्र गहाण ठेवल्याची गोष्ट सांगितली. मध्येच थांबला, पाणी प्यायला. पाण्याचा पेला आधीपासून उजव्या हाताशी ठेवलेला होता. मोपाच्या विमानतळाचं नाव घेतलं. तिथे ५ जानेवारी २०२३ पासून विमानं ये-जा करतात ही गोष्ट खरी, आणि त्यामुळे आपल्या पट्ट्यात जमिनीला गिऱ्हाईक आलं हेही खरं. पण "पाच वर्षांत चौपट" हा आकडा त्याने कुठून आणला? खऱ्या गोष्टीच्या पाठीला लावून खोटी गोष्ट आत सरकवणं ही जुनी युक्ती आहे. आणि शेवटी, "आजची रात्र गेली की यादी बंद." टेबल, अर्ज, पेनं, शाईचा पॅड हे सगळं भाषण सुरू व्हायच्या आधीपासून मांडलेलं होतं. तुम्हाला पटवून झाल्यावर ते आणलेलं नाही. तुम्ही पटणार हे धरूनच मांडलं होतं.

आता मला उलट विचारू नका की, "बाई, तुम्हीच तर आम्हाला वक्तृत्व शिकवलंत." शिकवलं. आणि तिथे माझं चुकलं तेही सांगते, कारण कान धरायचा तर आधी स्वतःचा धरावा. आमच्या शाळेच्या स्पर्धेत मी तक्ता करायची. उच्चार, पाठांतर, हावभाव, आवाजाची फेक आणि सगळ्यात खाली विषयाची मांडणी. तुम्ही भाषण लिहीत नव्हता, तुमचे काका लिहायचे. तुम्ही ते घडाघडा म्हणायचात आणि हात हवेत फेकून शेवट केलात की मी ढाल द्यायची. समोर बसलेल्या दोनशे मुलांना भाषण झाल्यावर "ह्याला एक प्रश्न विचारा" असं मी बावीस वर्षांत एकदाही म्हटलं नाही. बोलणारे पाच-दहा तयार केले आणि ऐकणारे दोनशे तसेच सोडून दिले. परवा सभेत ते दोनशे माझ्यासमोर बसले होते. आता तुमची मुलं शाळेत आहेत, तर हे तिथल्या नव्या मास्तरांनाही सांगा.

पण म्हणून वक्तृत्वच वाईट, असं पोरकट अनुमान काढू नका. ह्याच मातीतला माणूस होता, वेंगुर्ल्यात १९२२ साली जन्मलेला. बॅरिस्टर नाथ पै. चिपीच्या विमानतळाच्या निमित्ताने तुम्हाला नाव तरी ठाऊक असेल. तेव्हा आपण रत्नागिरी जिल्ह्यात होतो आणि मतदारसंघ राजापूर. १९५७, १९६२, १९६७ अशा तीन निवडणुका ते इथून जिंकले. लोकसभेतल्या उत्तम वक्त्यांत त्यांची गणना होते. त्यांना ऐकलेली म्हातारी माणसं अजून त्यांच्याबद्दल बोलताना आवाज बदलतात. त्या माणसाची एक गोष्ट सांगते, भाषणाची नव्हे, विधेयकाची.

फेब्रुवारी १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात निकाल दिला की मूलभूत हक्कांना हात लावायचा अधिकार संसदेला नाही. नाथ पै यांना ते मान्य नव्हतं. त्यांनी त्याच वर्षी घटनादुरुस्तीचं खासगी विधेयक मांडलं. बरोबर की चूक, तो वाद आजही होतो, तो इथे नको. मी वेगळं दाखवतेय. एवढा मोठा वक्ता, बाजू मांडायला स्वतः उभा, समोर त्याला मानणारं सभागृह. मग झालं काय? विधेयक संयुक्त समितीकडे गेलं. साक्षी झाल्या, अहवाल आला, पुन्हा चर्चा झाली, बाजूने आणि विरोधात माणसं बोलत राहिली. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली तोवर ते मंजूर झालेलं नव्हतं. पुढच्या महिन्यात, १७ जानेवारी १९७१ ला, बेळगावात हुतात्मा दिनाच्या सभेत ते बोलले आणि १८ तारखेला गेले. वय अठ्ठेचाळीस. त्या विधेयकातली मूळ कल्पना चोविसाव्या घटनादुरुस्तीत आली, ती त्याच वर्षी, पण त्यांच्या मागे. नाथ पैंच्या भाषणावर तिथे त्या रात्री हात वर झाले नाहीत. साडेतीन वर्षांहून जास्त काळ लोक कागद वाचत होते. आणि ह्या अनोळखी पाहुण्याच्या चाळीस मिनिटांवर तुम्ही पेनं मागून घेतलीत!

वक्ता श्रोत्याला मोठं करतो, हेही लक्षात ठेवा, कारण तुमची तिथेच फसगत होते. १९६७ च्याच निवडणुकीत दक्षिण मुंबईत स. का. पाटील उभे होते, ज्यांच्या नावाने मालवणात महाविद्यालय आहे ते. त्यांना हरवणं अशक्य असं मुंबईत मानलं जायचं. त्यांच्या विरोधात उभ्या असलेल्या जॉर्ज फर्नांडिस यांच्या प्रचाराने लोकांना उद्देशून एकच गोष्ट सांगितली, तुम्ही पाटलांना हरवू शकता. मी हरवीन, असं नव्हे. तुम्ही. आणि लोकांनी हरवलं. "तुम्ही" ह्या शब्दात तेवढी ताकद आहे. परवा तुमच्या त्या वक्त्याने "तुम्ही कोकणचे मालक" असं किती वेळा म्हटलं? मी बोटांवर मोजलं, अकरा वेळा. आणि कागदात मालकाचे अधिकार काढून घेतले.

ग्रीसमध्ये अडीच हजार वर्षांपूर्वी गॉर्जियस नावाचा वक्तृत्वाचा शिक्षक होता. प्लेटोने त्याच्या नावाने एक संवादच लिहिला आहे. त्यात हा गॉर्जियस फुशारकी मारतो की माझा भाऊ वैद्य आहे, रोगी त्याचं ऐकून औषध घेत नाही की चिरफाड करून घेत नाही, पण मी जाऊन बोललो की लगेच तयार होतो. मी हे वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं, आता येत नाही. त्या रोग्याच्या उशाशी निदान वैद्य भाऊ उभा होता, बोलणाऱ्याच्या शब्दामागे कोणाचं तरी ज्ञान होतं. परवा त्या टेबलापाशी तुमच्या बाजूला कोण उभं होतं? वकील होता? तलाठी होता? घरातलं शहाणं माणूस होतं? होतं एक, आणि तिला तू सगळ्यांसमोर "गप रव" म्हणालास. हो, तुलाच बोलतेय. मान वर कर.

आणि पलीकडचं गोवं बघा, आपल्या सोयरिकी आहेत तिथे. महाराष्ट्रात विलीनीकरण की वेगळा केंद्रशासित प्रदेश ह्यावर १६ जानेवारी १९६७ ला तिथे कौल झाला. भाषणं, गाणी, वर्तमानपत्रांतले अग्रलेख यांचा नुसता पाऊस पडला होता, भावना काय कमी पेटल्या होत्या? पण चिन्हं दोन होती, फूल आणि दोन पानं. दोन्ही बाजूंचे वक्ते गावोगाव फिरले. मतदान निःपक्षपाती व्हावं म्हणून सत्तेवरचं मंत्रिमंडळ आधी बाजूला झालं. १,७२,१९१ मतं विलीनीकरणाच्या विरोधात, १,३८,१७० बाजूने, फरक ३४,०२१ चा. निकाल कोणाला आवडला, कोणाला झोंबला. इकडे आपल्या बाजूला तर पुष्कळांना झोंबला. पण लोकांनी दोन्हीकडचं ऐकून, मधे दिवस जाऊ देऊन, एकटं आत जाऊन शिक्का मारला. तुमची सभा, सही आणि शिरा एकाच तासात आटोपलं.

इन्सुलीची माणसं आपण. महामार्गावर आपल्या दारात तपासणी नाका आहे. गोव्याकडून येणारी गाडी अडवतात, ताडपत्री उघडायला लावतात, बिल बघतात, परवाना बघतात. वर भाजीचे क्रेट आणि खाली दारूचे खोके, असे किती प्रकार तुम्ही पेपरात वाचलेत आणि हसलात. ड्रायव्हर गोड बोलतो म्हणून ताडपत्री न उघडता गाडी सोडली, असं कोणी सांगितलं तर त्या शिपायाला तुम्हीच मूर्ख म्हणाल. मग तुमच्या स्वतःच्या दारात परवा कोण शिपाई होता?

तुम्ही वाईट नाही आहात. मूर्खही नाही. पोरं परत गावात यावीत, घराचा दरवाजा उघडा राहावा, ही तुमची इच्छा खरी आहे आणि त्या माणसाने नेमकं तिलाच धरलं. मला राग त्याचा कमी आहे, तो त्याचा धंदा करतो. तुमचा जास्त आहे. सभेत टाळी वाजवायला काही जात नाही, वाजवा. चांगलं बोलणाऱ्याचं कौतुक करा, मीही करते. पण टाळी वाजवल्याबद्दल दंड म्हणून सही करावी लागते, असं तुम्हाला कोणी शिकवलं? मी तरी नाही.

एकच बरं आहे. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी अजून झालेली नाही. सोमवारी गाडी पाठवून तुम्हाला न्यायचं ठरलंय, हे मला कळलंय. त्या गाडीत कोणी बसायचं नाही. उद्या सकाळी दहाला पाचही जण इथे या. सातबारा आणि आठ-अचे उतारे आणा, मुंबईच्या भावांचे फोन नंबर आणा. जिने फोटो काढला तिचा मोबाईल आणि तीही. सावंतवाडीच्या वकिलांची अकराची वेळ मी घेऊन ठेवली आहे. सही मागे घेतल्याचा अर्ज आधी तुम्ही स्वतः लिहायचा, मी तपासणार, मग ते बघतील.

पेन घरून आणा. जा, आता चहा घ्या.